सत्तावीस टिकल्या

फौजदारांनी बोटाला थुंकी लावली, वहीचं पान उलटलं, आणि तेच बोट एका लाल टिकलीवर टेकवून विचारलं, "हा कोण?"

मागच्या खोलीत दाराच्या फटीशी बसलेल्या जमनाच्या तोंडचं पाणी पळालं. ती टिकली तिने काढली होती. शाईची नव्हती, कुंकवाची होती.

दोंडाईच्यात स्टेशनच्या रस्त्याला गिरधर भाईदासचं घासलेटचं दुकान होतं. लढाई लागल्यापासून घासलेट कंट्रोलमध्ये गेलेलं. गिऱ्हाइकाने कार्ड दाखवायचं, बाटली पुढे करायची, आणि कोणाला किती दिलं ते दुकानदाराने त्याच दिवशी रोजकीर्दीत लिहायचं. स्वतःच्या घरात नेलं तरी लिहायचं. वहीतल्या आकड्याशी डब्यातलं घासलेट जुळलं नाही, की परवाना गेला. आणि नशीब फुटकंच असेल तर परवान्यामागून माणूसही गेला, थेट धुळ्याच्या तुरुंगात.

सन चव्वेचाळीसच्या त्या उन्हाळ्याने तर कहर केला होता. चिमठाण्याच्या रस्त्यावर सरकारी खजिना लुटला गेला, लुटणारे भूमिगत झाले, आणि पोलीस तालुकाभर गोठे, विहिरी, कडब्याच्या गंजी उपसत फिरू लागले. कुठल्याशा नाल्यात त्यांना एक विझलेला कंदील आणि घासलेटची रिकामी बाटली सापडली. झालं! ज्येष्ठ महिना लागला तसे फौजदार एकेका घासलेटवाल्याच्या ओट्यावर चढायला लागले.

बाकीच्यांच्या वह्या मोडीत. फौजदारांना मोडीचा भारी कंटाळा. दोन पानं उलटायची, हुंकार भरायचा आणि चहा पिऊन उठायचं. गिरधरची वही मात्र शाळेच्या पुस्तकासारखी, बाळबोध, ठसठशीत. लहान पोराला वाचता यावी अशी. धुळ्याच्या मास्तराच्या लेकीने लिहिलेली वही होती ती. चांगलं अक्षर कधी कधी असं अंगाशी येतं.

"साहेब, तो मीच शे," गिरधर म्हणाला.

"तू? तुझं नाव बाहेर पाटीवर हे एवढं मोठं लिहिलंय. मग वहीत लपवायचं काय कारण?" फौजदार पानं उलटत गेले, टिकल्या मोजत गेले. "दिवाळीपासून सत्तावीस टिकल्या. छत्तीस बाटल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव आहे, बापाचं नाव आहे, कार्डाचा नंबर आहे. आणि ह्या एका गिऱ्हाइकाला नाव नाही. असं कोण गिऱ्हाईक आहे रे, की ज्याचं नाव घ्यायची तुम्हाला भीती वाटते?"

गिरधरने उजवा हात पुढे केला. त्या हाताची तीन बोटं तरणेपणी कापसाच्या जीनमध्ये पट्ट्याखाली गेली होती. "मला लिहिता येत नाही, साहेब. मी सांगतो, घरातून लिहितात. बाईमाणूस आहे. नवऱ्याचं नाव कसं लिहिणार?"

फौजदार हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. त्यांनी वही मिटली, सुतळीने बांधली, गाठीवर लाख ओतून शिक्का मारला. "उद्या नऊ वाजता पंच घेऊन येतो. लिहिणारीला समोर बसव. टिकलीची ओळ न् ओळ तिने माझ्यासमोर वाचायची, पूर्ण नावासकट. अडखळली, की मी समजेन हे सोंग आहे. मग तू आहेस आणि धुळं आहे."

जमना दाराच्या फटीशी तशीच बसून राहिली.

ही टिकली आली कुठून, ते सांगायला हवं. आठ वर्षांपूर्वी पटकीची साथ आली, तेव्हा तिचे सासरे भाईदास आजारी पडले. सरकारी कारकून दारात येऊन रोग्यांची यादी करत होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. "रोग्याचं नाव काय?" त्याने सासूला, भिकुबाईला, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा डाफरून विचारलं, आणि घाबरलेल्या बाईने जन्मात कधी न घेतलेलं नवऱ्याचं नाव घेऊन टाकलं. चौथ्या दिवशी भाईदास गेले. पटकीने त्या आठवड्यात गावातली आणखीही माणसं गेली, त्यांच्या बायकांनी कोणाची नावं घेतली होती ते कोणी विचारलं नाही. पण भिकुबाईने आपल्या कपाळाचं कारण शोधून ठेवलं होतं आणि ते तिच्यापासून कोणी काढून घेऊ शकत नव्हतं.

भाईदास स्वतः वही लिहीत. ते गेले, गिरधरचा हात असा, मुनीम ठेवण्याची ऐपत नाही. म्हणून जमनाने बोरू उचलला. भिकुबाईने अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "लिख, पोरी. पन त्यानं नाव तोंडे बी नको अन् हाते बी नको. नाव लिधं का धनीनं आयुष्य घटस."

जमना तेव्हा अठरा वर्षांची. मास्तराची लेक होती, चार पुस्तकं शिकली होती, पण असलं ऐकून जे भीत नाही असं माणूस अजून जन्मायचंय. देवळातल्या भजनात कृष्णाचं तेच नाव आलं, की ती ओठ मिटून नुसते टाळ वाजवी. आणि वहीत नवऱ्याची ओळ आली, की बोरूचं टोक करंड्यात बुडवून नावाच्या जागी टिकली ठेवी. तिला त्यात बरंही वाटे. दिवसभराच्या रुक्ष आकड्यांत तेवढा एक ठिपका तिचा होता.

वही लिहायची त्यांची रीतही ठरलेली. उन्हं कलली की गिरधर गादीवर बसून दिवसाचा हिशेब मोठ्याने सांगे, आणि जमना दाराआड बसून लिहून घेई. दिवा लावायच्या आत वही मिटायची. स्वतःचं घासलेट जाळून घासलेटचा हिशेब लिहिणारा मूर्ख, असं सासरे म्हणत. मग आठवड्याला एकदा ती रोजकीर्दीतली प्रत्येक ओळ खतावणीत घेई, ज्याची त्याच्या पानावर. रामाची रामाच्या, गोविंदाची गोविंदाच्या. टिकलीला नाव नव्हतं, म्हणून टिकलीचं पानही नव्हतं. टिकलीच्या बाटल्यांची बेरीज आठ वर्षांत कोणी केलीच नाही. ती पहिल्यांदा फौजदारांनी केली.

त्या संध्याकाळी घरात भाकरी झाल्या, पण कोणाच्या घशाखाली उतरल्या नाहीत.

"सकाय फक्त मनं नाव ले," गिरधर म्हणाला. "दुसरं काही बोलू नको. इचारी तितलंच सांग."

"अन् तुमले काही व्हयनं म्हंजे?"

"माले काय व्हस?" तो म्हणाला खरा, पण त्याच्या कपाळावर घाम होता. जमनाला वाटलं, हाही आयुष्य घटायच्या भीतीने भ्यालाय. तिला त्याची दया आली. नाव घ्यावं तर नवरा जाणार, न घ्यावं तर तुरुंगात जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. भिकुबाई कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तिने सुनेला एका शब्दानेही अडवलं नाही, आणि त्याचीच जमनाला जास्त भीती वाटली. त्या रात्री घरात कोणाचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी नऊच्या ठोक्याला फौजदार आले. पंच म्हणून त्यांनी शेजारच्या भिकनआबांना आणलं होतं. भिकनआबांचं भुसार दुकान भिंतीला भिंत लागून. घासलेटचा परवाना त्यांनीही मागितला होता, तो मिळाला गिरधरला. तेव्हापासून शेजारधर्म त्यांनी चुकवला नव्हता, पण दुकानात येऊन पान खाणं सोडलं होतं. त्यांना बघून जमनाचं उरलंसुरलं अवसान गळालं.

ती डोक्यावरून पदर ओढून दुकानात येऊन बसली. आठ वर्षं या दुकानाचा हिशेब तिच्या हातून झाला होता, पण गादीच्या पुढच्या बाजूने ती दुकान पहिल्यांदाच बघत होती. फौजदारांनी शिक्का फोडला आणि वही तिच्यापुढे सरकवली.

"वाच."

"कार्तिक शुद्ध पंचमी," जमना म्हणाली, आणि थांबली. ओळीत पुढे टिकली होती. दाराआड भिकुबाईच्या बांगड्या वाजल्या. म्हातारीने कानांवर हात घेतले असणार.

"पुढे?"

"गि... गिरधर," ती म्हणाली.

काही झालं नाही. छप्पर कोसळलं नाही, गिरधर होता तिथेच बसून होता.

"पूर्ण नाव."

"गिरधर भाईदास. बाटली एक."

सासऱ्यांचं नाव घेताना तिला भीती वाटली नाही. गेलेल्या माणसाचं आणखी काय घटणार?

"पुढची."

अशा ओळीमागून ओळी. कार्तिक वद्य द्वितीया, गिरधर भाईदास, बाटली एक. मार्गशीर्ष शुद्ध नवमी, गिरधर भाईदास, बाटल्या दोन. दर नावाला ती डोळ्यांच्या कडेने नवऱ्याकडे बघे, तो श्वास घेतोय ना. सहा वेळा घेतलं. सात वेळा. एका नावाने सासरे चौथ्या दिवशी गेले, मग सात नावांनी किती दिवस उरले? मास्तराच्या लेकीला हा हिशेब काही केल्या मांडता येईना, आणि डोक्यातून जाईना.

"माघ शुद्ध दशमी," तिने वाचलं. "गिरधर भाईदास, बाटल्या दोन. माघ शुद्ध त्रयोदशी. गिरधर..."

आणि ती थांबली.

माघ शुद्ध अष्टमीला धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी ती भिकुबाईला घेऊन धुळ्याला गेली होती. नऊ दिवस. घराला कुलूप होतं. गिरधर जेवायला भिकनआबांकडे जाई आणि दुकानातच झोपे. स्टेशनवर त्यांना पोचवायला बैलगाडी भिकनआबांनीच जुंपली होती. परत आल्यावर गिरधरने भिंतीवर डाव्या हाताने ओढलेल्या कोळशाच्या रेघा बघून नऊ दिवसांचा हिशेब सांगितला होता आणि तिने तो एका बैठकीत उतरवला होता. 'मना नाववर दोन, मना नाववर दोन.' तिने टिकल्या ठेवल्या होत्या. कुलूप लावलेल्या घरात चार बाटल्या कसल्या जळतील, हा विचार लिहिताना तिच्या मनालाही शिवला नव्हता. लिहिणाऱ्याचा हात चालतो तेव्हा डोकं बहुतेक दुसरीकडेच असतं.

आता शिवला. आणि एक शिवला तशी सगळी रांग उभी राहिली. घरात दिवे दोन. वात ती स्वतः कापायची, तेल ती स्वतः भरायची. एक बाटली तीन आठवडे पुरायची. दिवाळीपासून सात महिन्यांत फार तर दहा-अकरा बाटल्या. मग वरच्या पंचवीस गेल्या कुठे?

तिने मान वर केली. गिरधर तिच्याकडेच बघत होता. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. काल रात्री हा कशाला भ्याला होता, ते तिला तेव्हा कळलं. आयुष्य घटेल म्हणून नाही. फौजदार खरं बोलत होते. गिऱ्हाईक होतं, आणि त्याला नाव नव्हतं.

"काय झालं?" फौजदार पुढे वाकले. "का थांबलीस?"

उजवीकडे भिकनआबा बसले होते. माघातले ते नऊ दिवस या माणसाला पाठ होते. त्याच्याच ताटात गिरधर जेवला होता. त्याने एक वाक्य बोलायचा अवकाश, की परवाना त्याच्या घरी आणि गिरधर धुळ्याला. तुरुंगच कशाला, खजिन्याच्या खटल्यात ओवला तर काळ्या पाण्याला.

"बोल!"

"नाव घेताना जीभ अडते, साहेब," जमना म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते काही खोटं नव्हतं. "आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की आयुष्य घटतं. सासूबाईंनी एकदा घेतलं, मामंजी चौथ्या दिवशी गेले. आणि मी आज किती वेळा घेतलं!"

दाराआड भिकुबाईने मोठ्याने हुंदका दिला. तिला ठरवून सांगितलं असतं, तरी इतका वेळेवर देता आला नसता.

फौजदार मागे टेकले. घरी त्यांचीही बायको असणार. "बरं, बरं. रडू नकोस. वाच पुढे."

तिने वाचलं. माघ शुद्ध त्रयोदशी, गिरधर भाईदास, बाटल्या दोन. सत्ताविसाव्या ओळीपर्यंत वाचलं. आता प्रत्येक नाव म्हणजे खोटी साक्ष होती, आणि आश्चर्य असं, की जीभ आता अडत नव्हती. मघाशी खरं होतं ते बोलवत नव्हतं, आता खोटं होतं ते सरळ बाहेर पडत होतं.

"छत्तीस बाटल्या," फौजदार म्हणाले. "एका घराला जरा जास्त नाहीत? दिवे किती घरात?"

"चार," जमना म्हणाली. "दुकानात एक, माजघरात एक, चुलीपाशी एक. आणि सासूबाईंना अंधाराची भीती वाटते, मामंजी गेल्यापासून. त्यांच्या उशाशी रात्रभर कंदील असतो."

फौजदार भिकनआबांकडे वळले. "तुम्ही शेजारी. हे खरं आहे?"

भिकनआबांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. त्यांना काही घाई नव्हती. जमनाने डोळे मिटून घेतले.

"साहेब," ते म्हणाले, "मनं घर भिंतले भिंत लाईसन शे. त्यासना घरना उजेडमा मन्ही बायको दळण दळस. माले तेल लेवानी गरजच पडत नही."

शिपाई हसला. फौजदारही हसले, पण दौतीत टाक बुडवताना पुन्हा कडक झाले. "आजपासून टिकल्या बंद. गिरधर भाईदास, नाव लिहायचं, आणि खतावणीत पान उघडायचं. तुझ्या घराला महिन्याला दोन बाटल्या. तिसरी दिसली, की म्हातारीने अंधारात झोपायचं आणि तू कोठडीत. मी येत राहीन."

ते गेले. भिकनआबा ओट्याच्या पायरीवर चप्पल चढवत रेंगाळले, आणि गिरधरकडे न बघताच म्हणाले, "नऊ दिन तू मना घरे जेवना, गिरधर. इसरनू नही मी. परवाना माले पाहिजे व्हता, पन आसा नको." मग रस्त्यावर पिंक टाकून ते आपल्या दुकानात चढले.

गिरधरने दुकानाची फळी लावली आणि मागच्या खोलीत येऊन भिंतीला टेकून बसला. जमना समोर येऊन बसली.

"गावबाहेर, उखर्डूना वावरमा," तो म्हणाला. "झोपडीमा एक पोऱ्या शे. पायले गोळी लागेल शे. जीनमा मना हात सापडना तव्हय ज्यानी पट्टा पाडा, त्याना पोऱ्या." बाकीचं त्याने तुटक तुटक सांगितलं. तो माणूस पट्टा पाडायला धावला नसता, तर नुसती तीन बोटं गेली नसती, अख्खा गिरधर गेला असता. पोरगा दिवाळीपासून रानोमाळ लपत होता, सोबती बदलत होते. आधी तेल त्यांच्या कंदिलांना लागे; आता गोळीच्या जखमेने पाय सडत चालला होता. जखम धुवायला पाणी तापवायचं तर रानात धूर दिसून चालत नव्हतं, म्हणून घासलेटची शेगडी.

"माले का नही सांगं?"

"तुन्हा हात खोटं लिखत नही, हाई माले माहीत शे. म्हनीसन मना नाववर सांगं. मनं नाव तू लिखत नही. ज्यानं पान नही, त्यानी बेरीज नही."

आठ वर्षांत जमनाला या माणसाचा असा राग कधी आला नव्हता. तिने ज्याच्या आयुष्यासाठी करंड्यात बोरू बुडवला, त्याने त्या करंड्याचा आडोसा केला होता.

"मना कुंकूमांगे दपनात तुमी," ती म्हणाली. "माझ्या कुंकवाआड लपलात." एकच गोष्ट तिने सासरच्या बोलीत सांगितली आणि बापाच्या बोलीतही सांगितली, आणि तरी तिचं समाधान झालं नाही.

मग सुरू झाले ते चार दिवस. सत्तावीस वेळा नाव घेतलं होतं. पहिल्या दिवशी त्याला ठसका लागला, तशी भिकुबाई देवापुढून उठून धावत आली. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातून डबा निसटला. तिसऱ्या दिवशी त्याचं अंग किंचित कोमट लागलं, आणि सासूसुनेने एकमेकींकडे बघून ते एकमेकींना सांगितलं नाही. रागावलेल्या माणसासाठी एवढं घाबरावं लागतं, याचाच जमनाला संताप येत होता. तो जेवला की ती घास मोजी. तो गप्प बसला की काहीतरी विचारून त्याला बोलायला लावी.

चौथ्या दिवशी सकाळी तो उठला, दोन भाकरी खाल्ल्या, दुकान उघडलं. दुपार झाली. उन्हं कलली. तो जिवंत होता. भिकुबाईने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला, आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच तिचा चेहरा गोंधळून गेला. मग मी कशाला इतकी वर्षं स्वतःला खात बसले, असं तिला वाटलं असेल. ती उठून घरातला कंदील पुसायला लागली.

गिरधर गादीवर बसून हिशेब सांगू लागला. जमना दाराआड लिहू लागली. झुंबरबाई लोटन, बाटली एक. दिलवरसिंग, बाटली एक. शेवटचं नाव झालं आणि तो म्हणाला, "आजनं व्हयनं."

झालं नव्हतं. दाराच्या मागे चिंधीचा बोळा घातलेली एक भरलेली बाटली उभी होती. जमनाला ती बसल्या जागेवरून दिसत होती. गिरधरच्या नव्या पानावर या महिन्याच्या दोन बाटल्या आधीच चढल्या होत्या. तिसरी लिहायची नाही. न लिहावी, तर डब्यात एक बाटली कमी भरणार, आणि फौजदार डबा मोजल्याशिवाय राहणार नाहीत. दुसऱ्या कोणा कार्डवाल्याच्या नावावर घालावी, तर तो बिचारा फुकट फासात अडकणार. ही बाटली ओतून परत डब्यात टाकणं, एवढंच शहाणपणाचं होतं. आणि तिकडे उखर्डूच्या वावरात पाय सडत होता.

"अजून एक शे ना?" तिने दारातून विचारलं.

"नही," गिरधर म्हणाला. "आते कोना नाववर सांगू?"

जमनाने बोरू शाईत बुडवला. हे नाव कार्डावर नव्हतं. फौजदारांचं बोट पुढल्या खेपेला इथेच टेकणार होतं, आणि तेव्हा 'हा कोण' म्हणून विचारायचीही गरज पडणार नव्हती. बेडी सरळ तिच्याच हातात. तिला लख्ख भीती वाटत होती. भिऊन भिऊनच तिने ते लिहिलं, आणि मग खतावणी ओढून कोरं पान काढलं, आणि त्याच्या माथ्यावरही तेच लिहिलं. आठ वर्षं वही तिने लिहिली होती, पण त्या वहीत तिचं स्वतःचं नाव कुठे नव्हतं.

जमना. बाटली एक.

तिने ओळीवर वाळू टाकली, वही तिरकी करून झटकली, आणि दाराआडून म्हणाली, "लिखं. न्या ती बाटली."